तोफेवरची सहावी जागा

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा करंजवाडीत. गुंजी स्टेशनवर उतरून विचारत विचारत जावं लागेल असं धरून चाललो होतो, तर स्मारक समितीनं चक्क रिक्षा पाठवली होती आणि रिक्षात माझ्यासाठी एक शहाळं. निपाणीहून निघताना दिव्यानं दहादा बजावलं होतं, जंगलाकडचं गाव आहे, पाणी गाळल्याशिवाय पिऊ नकोस. बायकोचा शब्द मोडायला नको म्हणून आधी शहाळंच संपवलं.

गाव बघून जीव सुखावला. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग, मागे दाट जंगल. माझं काम शाळेच्या मैदानाला लागूनच आहे. तिथं पत्र्याच्या शेडखाली एक जुनी तोफ उभी आहे. एकाहत्तरच्या लढाईत या गावची सहा पोरं या एकाच तोफेवर होती आणि सहाही एकाच दिवशी गेली. पुढं तोफ मोडीत निघाली तेव्हा गावानं खेटे घालून ती इथं आणवली. डिसेंबरात स्मृतिदिन आहे, तोवर गंज काढायचा, चाकं फिरती करायची आणि रंग द्यायचा. बेळगावला उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये निम्मं आयुष्य यंत्रांना तेलपाणी करण्यात गेलं, पण तोफ पहिल्यांदाच हाताखाली येते आहे. मजा येणार.

राहायला अक्काताईंच्या घरात खोली मिळाली. बाई सत्तरीच्या, एकट्या, बोलायला गोड. आम्ही जैन, कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, जेवण दिवस मावळायच्या आत, हे सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी नवी कोरी भांडी काढली. असं आजकाल सख्खे पाहुणे करत नाहीत. शेवटच्या आठवड्यात दिव्याला इकडेच बोलावणार आहे. लग्नाला वर्ष होत आलं तरी दोघांनी मिळून कुठं जाणं झालेलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

रोज उन्हं कलली की सहा माणसं शेडमध्ये येतात. पन्नाशी-साठीची, खाकी हाफपँट, पायात चपला. फौजेतून निवृत्त झालेली असावीत. आपापल्या ठरलेल्या जागी तोफेभोवती उभी राहतात. पुढचा ज्योतिबा अण्णा फाटक्या घोगऱ्या आवाजात ‘गिनती’ म्हणून ओरडतो आणि एक, दोन, तीन करत सहापर्यंत आकडे होतात. मग खोटा गोळा भरायचा, खोटा बार काढायचा. पोरांचा खेळ वाटावा, पण ही माणसं हसत नाहीत.

त्यांच्यात बोलका तेवढा मष्णू. तो सहावा. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. बंदूक एकट्यानं उडवता येते, तोफ नाही. एक नंबर हुकूम देतो, दोन मागचं दार उघडतो, तीन नेम धरतो, चार गोळा भरतो, पाच आणि सहा गोळे आणून देतात. लढाईत एखादा पडला तर कुणी रडत बसत नाही. त्याच्या मागचा त्याच्या जागी सरकतो, त्याच्या मागचा याच्या जागी, आणि रिकामी जागा नेहमी शेवटची उरते. कवायतीत कुणाला नावानं हाक मारायची नाही, आकड्यानंच. मला हे फार आवडलं.

मष्णू नाही आवडला, म्हणजे माणूस चांगला, पण त्याचा डावा कान वाहतो. पिवळं, दाट. तो बोटानं पुसतो, बोट टॉवेलला पुसतो आणि तोच हात पुढं करतो. मी घरी जाऊन हात दोनदा साबणानं धुतले. एकूण सगळे जण हे असेच. दोन नंबर रवळू आप्पा, त्याचा अंगठा चेचलेला. तिसऱ्याचा डोळा सतत गळतो, चौथ्याचा तळहात सोललेला, ओला. पाचवा मुका. गिनतीत ‘पाच’ एवढंच त्याच्या तोंडून निघतं. लढाईतल्या जखमा असाव्यात म्हणून मी विचारलं नाही.

कवायत झाली की अक्काताई परातीतून भात आणतात आणि सहाही जण एकाच परातीत हात घालून जेवतात. मुक्याला अक्काताई स्वतः घास भरवतात. मला बोलावलं, मी हात जोडले. कुणाला राग आला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काम चांगलं चाललं आहे, पण काही गोष्टी डोक्यात जातात. लांब दांड्याला चिंधी बांधून मी रोज तोफेची नळी पुसून कोरडी करतो आणि तोंडाला लाकडी बूच मारतो. सकाळी बूच काढलं की आत पुन्हा ओलं. शिवाय वास. गंजाचा नाही, तेलाचा नाही. न घासलेल्या तोंडाचा सकाळी येतो तसा वास. मी नाकाला रुमाल बांधून काम करतो आणि शाळेतली मास्तर मंडळी हसतात.

दुसरं म्हणजे वंगण. मी डब्यातलं ग्रीस आणलं होतं. समितीनं ते नम्रपणे परत केलं आणि मातीच्या गाडग्यातलं पांढरं काहीतरी दिलं. याला इथं लोणी म्हणतात आणि तोफेला हेच लागतं म्हणे. हातानंच चोळायचं, फडक्यानं नाही. कशाचं आहे विचारलं तर अक्काताई म्हणाल्या घरचंच आहे. नखात बसतं, साबणानं निघत नाही. जेवताना घासाला त्याची चव लागते असं वाटतं. उगाच वाटत असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ज्योतिबा अण्णा गेला. काल कवायतीला ठणठणीत होता. सकाळी अक्काताईंनी सांगितलं की रात्रीच आटोपलं, नदीवर नेलं. गावात रडारड नाही, सुतक नाही. मी दोन शब्द बोलायला त्याच्या घरी जाईन म्हटलं तर त्याचं घर कुणी दाखवेना.

गाडगं तळाला लागलं होतं, ते आज पुन्हा काठोकाठ भरून आलं आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज फसल्यासारखं वाटतं आहे आणि का ते धड सांगता येत नाही.

काल संध्याकाळी मी शेडकडे गेलो नव्हतो. आज पाचच जण आले. ठरल्याप्रमाणे सगळे एकेक जागा पुढं सरकले. रवळू आप्पा एक नंबरवर उभा राहिला आणि ‘गिनती’ म्हणून ओरडला. तो आवाज ज्योतिबाचा होता. तोच फाटका घोगरा आवाज. काल दुपारपर्यंत रवळू आप्पा आपल्या बारीक आवाजात माझ्याशी बोलत होता. त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं तर धडधाकट. अंगठा चेचलेला होता तो त्याच्या मागच्याचा, ज्याचा डोळा परवापर्यंत गळत होता.

आणि मष्णू पाचावर. कान स्वच्छ कोरडा, पण तोंडातून शब्द नाही. माझ्याकडे बघून तो सारखी मान हलवत होता. मला वाटलं, मित्र गेल्याचं दुःख.

‘पाच’ झाल्यावर सगळे थांबले. सगळे माझ्याकडे बघू लागले. तोफ रंगासाठी वळवून घ्यायची होती, सहाव्या माणसाशिवाय ती हलत नाही आणि सूर्य मावळायला आला होता, माझं जेवण राहिलं होतं. मी फडकं टाकलं, मागचा दांडा धरला आणि भिडेखातर म्हणून टाकलं, सहा. त्यात काय मोठंसं?

तोफ फुलासारखी वळली. जेवायला मात्र आज माझं वेगळं ताट नव्हतं. मी उपाशी झोपतो आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उशीला पिवळा डाग.

डावा कान. दुखत नाही, नुसता वाहतो. मी पाच-सहा वेळा धुतला. वास येतो तो मष्णूच्या टॉवेलचा. मला माझीच शिसारी येते आहे. मी असा माणूस आहे की दुसऱ्याच्या तांब्याला तोंड लावत नाही, आणि आता माझ्याच कानातलं माझ्याच गळ्यावर ओघळतं आहे.

गावात मला आता कुणी सन्मती म्हणत नाही. दुकानदारसुद्धा सहा म्हणतो. अक्काताईंनी वेगळा स्वयंपाक करून दिला, पहिला घास पोटात गेला तसा बाहेर आला. भात, ताक, केळं, काहीच राहत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज परातीत हात घातला.

मला कुणी जबरदस्ती केली नाही. भूक लागली होती, एवढंच. भातावर ते पांढरं वितळलेलं होतं. कशाचे तरी मऊ मऊ तुकडे होते. मी न चावता गिळायला गेलो आणि मग चावलं. चव चांगली लागली. खोटं कशाला लिहू, चांगली लागली. आयुष्यात अंड्याला न शिवलेला मी, परात चाटली. शेजारच्या सोललेल्या हाताचं पाणी त्याच भातात ठिबकत होतं आणि मी चाटली.

पोटात राहिलं. नीट राहिलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पळून गेलो होतो. परत आलो आहे.

सकाळी खानापूरला डॉक्टरला कान दाखवला. त्यानं चिमट्यानं आतून एक गोळी काढली, थिजलेल्या डालड्यासारखी. त्यात आखूड पांढरे केस. डॉक्टरनंच नाकाला रुमाल लावला. कुठं काम करतोस, विचारलं. मी पैसे टेबलावर ठेवले आणि उठलो. तिथून बस धरून बेळगाव. निपाणीची गाडी लागली होती. दोन इडल्या खाल्ल्या, स्टँडवरच ओकलो, लोक शिव्या घालत बाजूला झाले. ऊन कलायला लागलं तशी भूक सुरू झाली. भूक म्हणजे, रस्त्याच्या कडेला खाटकाच्या दुकानासमोर उभा राहिलो. पायच निघेना. तोंडात पाणी सुटलं. दिव्यासमोर या अवस्थेत जायचं? तिला जवळ घ्यायचं या तोंडानं?

लोंढ्याकडच्या गाडीत बसलो. कवायतीला वेळेवर पोचलो. गिनतीत माझा आकडा मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो.

२ डिसेंबर, सोमवार

गाडग्याच्या तळाशी दाढीचे खुंट निघाले. पांढरे. ज्योतिबा अण्णा आठवड्यातून एकदा दाढी करायचा.

हेच मी चोळलं. हेच भातावर—

दिव्याला मेसेज केला. इकडे येऊ नकोस, कारण विचारू नकोस. लगेच फोन आला, घेतला नाही. मग कानाचा एक फोटो चुकून गेला, नाही, चुकून नाही. कुणाला तरी दाखवायचा होता.

४ डिसेंबर, बुधवार

रवळू आप्पा गेला. रात्रीच आटोपलं म्हणे.

कान कोरडा आहे. जीभ सुजली आहे. तोंडात मावत नाही, पांढरा थर, कडेला भेगा. खरवडलं तर साल निघते आणि खालून तेच लोणी. हाक मारून पाहिली. नुसता घरघर आवाज.

संध्याकाळी पाचावर उभा होतो. ‘पाच’ मात्र स्वच्छ निघालं.

अक्काताई माझ्यासमोर बसल्या. घास केला, तोंडात घातला, ओठांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “खा रं दादा. किती वाळलास.” सत्तरीची बाई मला दादा म्हणाली. त्यांचा भाऊ लढाईत गेलेल्या त्या सहांतला पाचवा होता, जबड्याला लागून गेलेला. दारात त्याचा फोटो आहे, खाली हे लिहिलेलं आहे, मी रोज वाचत होतो.

सहावी जागा रिकामी.

५ डिसेंबर, गुरुवार

मष्णू बोलला. चार नंबरवर गेल्यावर त्याची जीभ सुटली. तळहात सोलला आहे, तो हात तो फुंकत बसला होता आणि बोलत होता. 

म्हणाला, “आमच्यातला एकबी फौजेत न्हवता रं. मी कडोलीचा. ह्या शेडचं पत्रं घिऊन टेम्पोनं आलतो. एक माणूस कमी पडलता, हात लावलो आणि सहा म्हटलो. तुला सांगणार हुतो, तवर पाचावर गेलो.”

त्यानंच सांगितलं, तोफ एकटी ठेवायची नाही असं एकाहत्तरात गेलेल्या सहाजणांच्या आयांनी ठरवलं होतं. पोरांच्या जागा रिकाम्या दिसायला नकोत. आया मेल्या, गावानं चालू ठेवलं. जागेवर जो येतो त्याच्या अंगावर त्या पोराची जखम येते आणि लोकांना आपलं पोर दिसतं. तोफेला चरबी लागते. ती एक नंबर देतो.

मी वहीत लिहून विचारलं, नदीवर नेत नाहीत का? मष्णू म्हणाला, “चुलीवर नेत्यात. अक्काताईच्या.”

मी जिथं जेवतो तिथं. माझी नवी भांडी जिथं—

मी ओकलो. ओकता ओकता भूक लागली. माझ्याइतकी घाण वस्तू या जगात नाही.

७ डिसेंबर, शनिवार

दिव्याचा मेसेज. उद्या येते. कानाचा फोटो बघून झोप लागली नाही, कडुलिंबाचं तेल आणते आहे, तू काही बोलू नकोस, तुला घेऊनच जाणार.

नको म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिलं. फोन बंद आहे तिचा.

मष्णूला लिहून विचारलं, ती बाई आहे, बाईला तर घेत नसतील? तो म्हणाला, तोफेला आकडा पाहिजे, बाई-बाप्या बघत नाही. जो कुणी सहा म्हणेल तो सहा. त्याला म्हणायला सांगावं लागत नाही, नुसतं गप्प राहायचं आणि त्याच्याकडे बघायचं. भिडस्त माणूस म्हणून टाकतो.

दिव्या भिडस्त नाही. पण माझ्यासाठी ती काहीही म्हणेल.

समितीनं तिच्यासाठी रिक्षा सांगून ठेवली आहे. रिक्षात शहाळं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळपासून गुंजी स्टेशनवर. तिला उतरू द्यायचं नाही, डब्यात परत ढकलायचं. एक गाडी गेली. दुसरी गेली. ती नाही. रिक्षावाला माझ्याकडे बघून हसला आणि रिकामा परतला. वाटलं, येत नाही. वाटलं, सुटली.

ऊन कलतं आहे. पोट—

—

शेडमध्ये आहे. पाचाच्या जागेवर. पाय आले, मी नाही आणले. आता कवायत संपेपर्यंत उचलत नाहीत. ती वडापच्या जीपनं आली, खानापूरहून थेट. अक्काताईंच्या शेजारी पायरीवर बसली आहे. निळी साडी. हातात तेलाची बाटली. मला बघून उठली. हसली आणि मग माझं तोंड बघून हसू गेलं.

अक्काताई तिला सांगत आहेत की कवायत एवढी होऊ दे, मग ने त्याला. एक माणूस कमी आहे, घडीभर उभी राहा पोरी. दिव्या व्हय म्हणते आहे. पदर खोचते आहे.

ओरडतो आहे. घरघर निघते आहे. जिभेवरून लाळ वहीवर.

पुढचा ‘गिनती’ म्हणाला. एक झालं. दोन.

वही तिच्यापुढं धरतो. मोठ्या अक्षरात.

दिव्या, हे वाच. तोंड उघडू नकोस.

तीन. चार.

पाच. माझ्याच तोंडून.

सगळे तिच्याकडे बघत आहेत. ती वहीवर वाकली आहे. दिव्या, सहा म्हणू नकोस. काही झालं तरी सहा म्हणू नकोस. अक्षर लागत नाही तिला, ओलं झालं आहे, बोट ठेवून एकेक शब्द लावते आहे, मोठ्यानं. ‘दिव्या हे वाच. तोंड उघडू’. नको, मनात वाच. मनात. खोडतो आहे, पेन घसरतं, लोणी लागलं आहे कागदाला, तिचं बोट पुढं ‘सहा’ शब्दाकडे सरकतं आहे, दिव्या